जाळीतून कडक गरम हवा येते, तरी खोली गारच? या चुका टाळा

घर तापवणाऱ्या फर्नेसमध्ये बर्नरवर हवा गरम होते आणि डक्टमधून, म्हणजे हवा नेणाऱ्या नळांतून, जाळ्यांवाटे खोल्यांत येते. खोली तापत नाही म्हटलं की बहुतेक जण आधी जाळीसमोर हात धरतात. हवा कडक लागली की यंत्र ठीक आहे असं समजून मोकळे होतात. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खोलीत किती उष्णता पोहोचते हे हवेचं प्रमाण आणि तापमानातली वाढ या दोहोंच्या गुणाकारावर ठरतं.

हवा उष्णता वाहून नेण्यात मुळात कमकुवत. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला जेमतेम 1.2 किलोज्यूल लागतात, तेवढ्याच पाण्याला सुमारे 4,180. म्हणूनच हवा भरपूर फिरवावी लागते. तासाला 1,000 घनमीटर हवा 20 अंशांवरून 50 वर नेली की साधारण 10 किलोवॉट उष्णता मिळते. आता फिल्टर धुळीने बुजून हवा निम्मी झाली असं धरा. बर्नर तेवढाच पेटलेला, त्यामुळे हवा 80 अंशांकडे धावते. हीट एक्स्चेंजर (ज्वाळेची उष्णता हवेला देणारा धातूचा भाग) तापतो, लिमिट स्विच (फार तापलं की बर्नर तोडणारा सुरक्षा स्विच) बर्नर बंद करतो, जरा निवलं की पुन्हा तेच. जाळीशी चटका आणि खोलीत गारठा!

अशा वेळी लिमिट स्विचच खराब म्हणून तो बदलत बसू नका, आणि तो वगळून थेट जोडणी (बायपास) तर कधीच करू नका. सतत जास्त तापून एक्स्चेंजरला तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात शिरू शकतो. आधी फिल्टर काढून उजेडात धरा. रिकाम्या खोल्यांच्या जाळ्या बंद करून बचत होते, हाही गैरसमज. डक्टमधला दाब वाढतो, एकूण हवा घटते आणि सांध्यांतली गळती वाढते. रिटर्नच्या (खोलीतली हवा यंत्राकडे परत नेणाऱ्या) जाळीपुढे कपाट असेल तर ते हलवा.

अंदाजापेक्षा मोजमाप बरं. यंत्र दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. एक थर्मामीटर रिटर्नमध्ये, दुसरा गरम हवेच्या डक्टमध्ये पहिल्या वळणापलीकडे ठेवा. एक्स्चेंजरच्या थेट समोर ठेवलात तर त्यातून थेट येणाऱ्या उष्णतेच्या किरणांनी आकडा फुगतो. दोन्हींतला फरक यंत्रावरच्या पट्टीवर छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. फरक जास्त असेल तर हवा कमी पडतेय. फार कमी असेल तर ब्लोअरचा (हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) वेग जास्त आहे किंवा बर्नर पुरेसा जळत नाही. साध्या, नॉन-कंडेन्सिंग (धुरातल्या वाफेचं पाणी होऊ न देता ती बाहेर सोडणाऱ्या) फर्नेसमध्ये हेही वाईटच, कारण धुरातली वाफ आत साचून एक्स्चेंजर गंजतो.

हीट पंपाला (बाहेरची उष्णता खेचून घरात आणणाऱ्या यंत्राला) मात्र हा हाताचा न्याय लावू नका. त्याची हवा बऱ्याचदा 32 ते 40 अंशांची असते. त्वचा 33 च्या आसपास, त्यात वारा, म्हणून ती कोमट किंवा गारही वाटते. हवा पुरेशी असेल तर खोली व्यवस्थित तापते.

फरक बरोबर आहे, तरी लांबची एकच खोली थंड? मग त्या जाळीजवळचं तापमान यंत्राजवळच्या तापमानाशी ताडून पाहा. वाटेत बरेच अंश गळत असतील तर माळ्यावरून जाणाऱ्या डक्टचं इन्सुलेशन तपासा. तापमान ठीक पण झोत मंद असेल, तर सुटलेला सांधा, अर्धवट बंद डॅम्पर (डक्टमधली हवा अडवणारी झडप) किंवा दबलेला लवचिक डक्ट शोधा.