चॅटच्या सवयीतून सलग लेखनाकडे

सोशल मीडियामुळे विद्यार्थ्यांचे लेखन बिघडले, ही तक्रार जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत रोज ऐकू येते. उत्तरपत्रिका तपासताना मला मात्र ती अर्धीच खरी वाटते. मुले दिवसभर लिहितात, पण ज्याला संदर्भ आधीच ठाऊक आहे अशाच माणसासाठी लिहितात. "उद्या नाही. कापूस. प्रॅक्टिकल सांग." एवढ्या निरोपावरून मित्राला सगळे उमगते, परीक्षकाला मात्र त्यातून काहीच उमगणार नाही.

म्हणून सुरुवात स्वतःच्याच फोनपासून करावी. आपले पाठवलेले पाच निरोप वहीत उतरवून घ्यावेत आणि आपल्याला न ओळखणाऱ्या वाचकासाठी ते पुन्हा लिहावेत. वरचा निरोप मग असा होईल : "कापूस वेचणीला मजूर न मिळाल्यामुळे मला उद्या महाविद्यालयात येता येणार नाही, म्हणून प्रात्यक्षिकात काय झाले, ते संध्याकाळी कळव." यात भर पडली ती मुख्यतः 'मुळे' आणि 'म्हणून' यांची. चॅटमध्ये सर्वांत आधी गळतात ते हेच सांधे, आणि ते गळाले की दीर्घोत्तरी प्रश्नाचे उत्तर सुट्या वाक्यांचा ढीग होऊन बसते. हा सराव रोज दहा मिनिटे, निदान महिनाभर करावा.

दुसरे काम कीबोर्डचे. रोमन लिपीत मराठी टाइप करताना 'काल' आणि 'काळ' एकाच अक्षरांत लिहिले जातात, न-ण आणि ऱ्हस्व-दीर्घ यांचा भेदही बहुधा पुसला जातो. आपल्या खान्देशात याचा परिणाम अधिक खोल आहे, कारण घरी अहिराणी बोलणारा विद्यार्थी 'पानी' आणि 'डोया' म्हणतो, आणि ते त्या बोलीत पूर्णपणे योग्यच आहे. मात्र 'पाणी' आणि 'डोळा' ही प्रमाण रूपे घरात कानावर पडत नाहीत व फोनवरही दिसत नाहीत, तेव्हा छापील पानाशिवाय ती भेटणार कुठे? म्हणून फोनवर देवनागरी कीबोर्ड लावून घ्यावा, मित्रांना आग्रहाने देवनागरीतच लिहावे आणि ज्या शब्दावर बोट अडखळते तो कोशात पाहावा. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार सामान्यतः दीर्घ असतो, 'आणि' व 'नि' ही अव्यये मात्र ऱ्हस्वान्त लिहितात, एवढा नियम लक्षात ठेवला तरी बऱ्याच चुका टळतात. अहिराणीत लिहायचे असेल तर तीही पूर्ण वाक्यांत, मन लावून लिहावी. बोलीमुळे लेखन बिघडते, हा समज मी अजिबात मान्य करत नाही.

बोलून टाइप करण्याची सोय कच्चा मजकूर उतरवून घेण्यापुरतीच वापरावी, कारण विरामचिन्हे आणि परिच्छेद शेवटी आपल्यालाच पाडावे लागतात.

लेखनाला वाचकही हवा. अमळनेरला शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी हस्तलिखित दैनिक काढत असत. आपल्याला आठवड्याला एक भित्तिपत्रक सहज जमेल. प्रत्येकाने फोन बाजूला ठेवून पंधरा ओळी हाताने लिहाव्यात, दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याला वाचायला द्याव्यात, आणि तो जिथे "म्हणजे काय?" असे विचारील, तेवढाच भाग नव्याने लिहून मग कागद भिंतीवर लावावा.