काय करायचं आयुष्यात, कळत नसेल तर एक वही घ्या

मे महिन्यात जळगावात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, तेव्हा बसा. वही, पेन, मोबाईल दुसऱ्या खोलीत.

पानाचे दोन भाग करा, डावीकडे "मी असा आहे", उजवीकडे "मी असा पाहिजे", दोन्हीकडे दहा-दहा ओळी. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या टीमने शिकागोत लोकांना असंच 100 वाक्यांची कार्डं दोनदा लावायला दिली होती, आपल्याला दहा पुरे. फक्त "मी मेहनती आहे" असलं इंटरव्ह्यूवालं नको, खरं लिहा.

आता उजवीकडच्या प्रत्येक ओळीपुढे लिहा की हे मुळात कोण बोललं होतं. माझ्या "क्लास वन ऑफिसर" पुढे मामा निघाला (भो, आधी पोस्ट काढ, मग बाकीचं), "भावापेक्षा जास्त पगार" पुढे आजी, आणि असं करत करत दहातल्या सात ओळी माझ्या नव्हत्याच! रॉजर्सचं म्हणणं हेच, की लहानपणापासून प्रेमाला अटी लागतात, असं वागलास तरच तू चांगला, आणि मग आपण त्या अटींनाच स्वतःची इच्छा समजतो. घरचे वाईट नसतात हो, कपाशीला भाव नाही मिळाला की त्या घराला सरकारी पगाराचंच स्वप्न पडणार. म्हणून सगळ्या ओळी खोडू नका, कोणी विचारणारंच नसतं तरी जी ठेवली असती ती ठेवा.

इथे कोणीतरी मास्लो या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाचा गरजांचा पिरॅमिड काढतंच, आधी पैसा मग आवड. पण एक गरज शंभर टक्के भागल्याशिवाय दुसरी जागीच होत नाही असं नाही, हे त्याने 1943 च्या लेखातच लिहून ठेवलंय.

मग आठवडाभर नुसतं बघा की आपण आपोआप कुठे वळतो. रॉजर्स शेतावर वाढलेला, तळघरातल्या बटाट्यांचे फिकट कोंब खिडकीच्या उजेडाकडे कसे जायचे ते तो सांगायचा. मी भरीत पार्टीत सगळे पऱ्हाट्यांवर वांगी भाजत असताना चुलतभावाला गणित शिकवत बसलेलो, दोनदा. नोकरी सोडली नाही, संध्याकाळी दोन पोरं शिकवायला घेतली.

शेवटचं सगळ्यात अवघड, वीस मिनिटं नुसतं ऐकून घेणारा माणूस शोधा. आपल्याकडे चहाच्या आधी सल्ला येतो, त्यामुळे आधीच सांगा की सल्ला नकोय. मला तो घरात नाही, रोजच्या भुसावळच्या बसमध्ये शेजारी बसणारा एक रिटायर्ड काका म्हणून भेटला.