बॅकारा शिकताय? तिसरं पान, टाय आणि डबल करत जाणं, या चुका टाळा

गणपतीत रात्री मंडपात जागायचं म्हणजे पत्ते आलेच. मागच्या वर्षी मेंढीकोट, रमी, जजमेंट सगळं खेळून झाल्यावर आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कोणीतरी बॅकाराचं नाव काढलं (लिहिताना शेवटी ट असतो, बोलताना नाही). कसिनोतला पत्त्यांचा खेळ, प्लेअर आणि बँकर अशा दोन बाजू, ज्याची बेरीज ९ च्या जास्त जवळ तो जिंकतो. पैसे लावायचे नाहीत हे आधीच ठरलेलं, वाटाणे लावायचे. रविवार पेठेतून पत्त्यांचे आठ कॅट आणले, ४१६ पानं पिसायला दोघं लागले आणि पहिल्याच तासात भांडण. प्लेअरकडे दुर्री आणि तिर्री म्हणजे ५. तिसरं पान आलं अठ्ठी, झाले १३, दहा सोडायचे म्हणून ३. बँकरकडे पण ३. अर्धे म्हणाले बँकर पान घेणार, तीनवर कोण थांबतं, अर्धे म्हणाले नाही घ्यायचं, आणि नियम नीट कोणालाच माहीत नव्हता.

नियमाने बँकर थांबतो आणि डाव टाय होतो. ही एक गोष्ट नीट समजली ना तर बॅकाराचा निम्मा गोंधळ संपतो, म्हणून आधी हेच घेतो.

तिसरं पान कोणी "ठरवत" नाही

तीन पत्ती खेळणाऱ्यांची पहिली चूक ही, की त्यांना वाटतं पान घ्यायचं की नाही हे आपल्या हातात आहे. नाहीये. दोन्ही बाजूंना दोन-दोन पानं वाटली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. कोणाकडेही पहिल्या दोन पानांत ८ किंवा ९ आले तर त्याला नॅचरल म्हणतात, डाव तिथेच संपला. नाहीतर प्लेअर ० ते ५ वर पान घेतो, ६ आणि ७ वर थांबतो, एवढंच. प्लेअर थांबला असेल तर बँकरला पण हाच नियम, ५ पर्यंत घ्यायचं, ६-७ वर थांबायचं.

गोंधळ होतो तो प्लेअरने तिसरं पान घेतल्यावर. तेव्हा बँकर स्वतःची बेरीज आणि प्लेअरचं *तिसरं पान* बघतो. प्लेअरची बेरीज नाही, फक्त ते पान! आमच्याकडचे सगळे वाद याच एका घोळातून झाले. बँकरकडे ०, १, २ असेल तर तो घेतोच. ३ असेल तर प्लेअरचं पान अठ्ठी सोडून काहीही असलं तरी घेतो. ४ असेल तर दुर्री ते सत्तीवर घेतो, ५ असेल तर चव्वी ते सत्तीवर, ६ असेल तर छक्की किंवा सत्तीवर. ७ वर कधीच नाही. लक्षात ठेवायला सोपं आहे, चार-पाच-सहाला वरचं टोक कायम सत्ती आणि खालचं टोक दोन, चार, सहा असं चढत जातं.

आणि अठ्ठीचंच का? नुसतं पाठ करण्यापेक्षा हे बघा. प्लेअर ० ते ५ वरच पान घेतो, त्यात ८ मिळवले की बेरजा होतात ८, ९, ०, १, २, ३. म्हणजे सहापैकी तीन वेळा बँकरचे ३ जिंकतात, एकदा बरोबरी आणि दोनदाच हार. मग हातातलं चांगलं सोडून नवीन पान कशाला घ्यायचं. हे कळल्यावर आमच्याकडे परत वाद झाला नाही.

बाकी तीन पत्तीच्या सवयी मोडाव्या लागतात. राजा, राणी, गुलाम आणि दश्शी सगळ्यांची किंमत शून्य. एक्का कायम १, अकरा-बिकरा नाही. जोडीला, सिक्वेन्सला, रंगाला काहीही किंमत नाही. दोन राजे आले की नवीन माणूस खूश होतो आणि प्रत्यक्षात त्याच्याकडे शून्य असतं.

"बँकर" म्हणजे कसिनो नाही

हा गैरसमज मला स्वतःला बरेच दिवस होता. वाटायचं बँकर म्हणजे समोरचा, आपण प्लेअर, मग आपण प्लेअरवरच लावायचं. तर तसं नाही, ही नुसती दोन बाजूंची नावं आहेत आणि तुम्ही कुठल्याही बाजूवर लावू शकता. बँकर पान घेताना प्लेअरचं तिसरं पान बघून घेतो, त्यामुळे तो थोडा जास्त जिंकतो. आठ कॅटच्या खेळात बँकर ४५.८६ टक्के, प्लेअर ४४.६२ टक्के आणि टाय ९.५२ टक्के. म्हणूनच बँकर जिंकला की त्यातून ५ टक्के कमिशन कापतात, कारण कापलं नाही तर बँकरवर लावणाऱ्याचाच फायदा व्हायला लागेल.

कमिशन कापूनही बँकरवर कसिनोचा हिस्सा (लावलेल्या पैशांतून सरासरी कसिनोकडे राहतो तो भाग) १.०६ टक्के पडतो आणि प्लेअरवर १.२४. फरक छोटा आहे पण आहे. कमिशन नको म्हणून प्लेअरवर लावत बसणं ही चूक खूप जण करतात. आता "नो कमिशन" लिहिलेलं टेबल बघून पण लगेच धावू नका, तिथे बहुतेक वेळा बँकर ६ वर जिंकला तर निम्मेच पैसे मिळतात आणि हिस्सा वाढून १.४६ टक्के होतो. आणखी एक, बऱ्याच ठिकाणी कमिशन प्रत्येक डावाला कापत नाहीत, मांडून ठेवतात आणि शू संपल्यावर किंवा तुम्ही उठताना मागतात. (शू म्हणजे ज्या पेटीतून पानं काढतात ती.) समोरच्या चिप्स मोजताना ते डोक्यात ठेवा नाहीतर आपण किती पुढे आहोत हा हिशोबच चुकतो.

घरी सराव करताना वीस-वीस वाटाणे लावा, मग कमिशन बरोबर एक वाटाणा होतो. दहा लावले की अर्धा वाटाणा कापायचा आणि तिथे सगळं बिघडतं. आणि टाय झाला तर बँकर-प्लेअरवरचे वाटाणे परत द्यायचे, ते हरलेले नसतात. आमच्यात एकाने पूर्ण एक रात्र टायला सगळ्यांचे वाटाणे गोळा केले आणि पहाटे कोणाच्या तरी लक्षात आलं.

टाय: सगळ्यात महाग मोह

एकास आठ मिळतात म्हणून टायवर लावायची इच्छा होते. मान्य आहे, १०० वर ८०० मिळताना बघायला भारी वाटतं. पण तिथे कसिनोचा हिस्सा १४.३६ टक्के आहे. नुसता टक्का ऐकून काही वाटत नाही म्हणून रुपयात सांगतो. समजा तासाला ७० डाव झाले आणि तुम्ही प्रत्येक डावाला बँकरवर ५०० लावले, तर सरासरी नुकसान सुमारे ३७० रुपये. आता त्याच्या जोडीला "असू दे शंभर टायवर पण" असं दर डावाला केलं तर त्या शंभरांचं सरासरी नुकसान १,००० रुपये. म्हणजे पाचपट लहान रक्कम जवळजवळ तिप्पट खाते! एकास नऊ देणारं टेबल मिळालं तरी हिस्सा ४.८४ टक्के राहतोच. पेअरवरची (पहिली दोन पानं सारखी येतील यावरची) बाजूची बेट पण तशीच, एकास अकरा देतात आणि हिस्सा दहा टक्क्यांच्या वर.

बोर्डवरचे लाल-निळे गोल

टेबलाशेजारी मागच्या डावांचे निकाल दाखवणारा स्क्रीन असतो, बँकर लाल, प्लेअर निळा, टाय हिरवा. बीड प्लेट, बिग रोड, आणि त्याच्यावरून काढलेले बिग आय बॉय, स्मॉल रोड, कॉक्रोच पिग असले तक्ते. लिहायला कागद आणि पेन पण देतात. आता तुम्हीच विचार करा, या तक्त्यांमधून खरंच पुढचा डाव कळत असता तर कसिनोने स्वतःहून ते समोर लावले असते का.

सलग सहा वेळा बँकर आला की एक जण म्हणतो आता प्लेअर येणारच, दुसरा म्हणतो बँकरची लाईन चाललीये तोडायची नाही. दोघांची चूक एकच आहे. मागच्या डावांवरून पुढच्याबद्दल कामाचं काही कळत नाही. १९१३ मध्ये १८ ऑगस्टला मॉन्टे कार्लोच्या कसिनोत रूलेटवर सलग २६ वेळा काळा आला आणि "आता लाल येणारच" म्हणत लोकांनी प्रचंड पैसे घालवले, ते चाक काय आधीचं लक्षात ठेवून फिरत नव्हतं.

यावर हुशार माणूस विचारतो की पत्ते तर संपत जातात ना, मग मोजता येतील की. ब्लॅकजॅकमध्ये मोजण्याचा उपयोग होतो हे खरं आहे. पण ज्या एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने ते सिद्ध केलं त्यानेच बॅकारा पण तपासला, आणि बँकर-प्लेअरच्या बेटमध्ये मोजून हाती लागणारा फायदा नगण्य निघाला. फिल आयव्ही या पोकर खेळाडूचं उदाहरण लोक देतात, त्याने २०१२ मध्ये लंडनला पुंटो बँको म्हणजे याच खेळात ७७ लाख पौंड जिंकले होते. पण ते मोजून नव्हे, पत्त्यांच्या पाठीमागच्या डिझाईनमधला बारीक फरक ओळखून, आणि कसिनोने ते पैसे दिलेच नाहीत, २०१७ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने पण ती फसवणूकच ठरवली.

डबल करत जाणं

हरलो की दुप्पट लावायचे, कधीतरी जिंकूच, की सगळं वसूल. कागदावर बरोबर दिसतं म्हणून इंजिनिअर लोक यात जास्त अडकतात असं माझं निरीक्षण आहे, हिंजवडीत माझ्या टीममध्येच तिघं एक्सेल शीट बनवून बसले होते. ५०० पासून सुरू करा. सलग सात वेळा हरलात की ६३,५०० गेलेले असतात आणि आठव्या वेळी ६४,००० लावायचे, कशासाठी तर शेवटी ५०० रुपये फायद्यासाठी. आणि टेबलावर मॅक्सिमम लिहिलेला असतो, तो मध्येच आडवा येतो.

"सलग सात वेळा कोण हरतंय" असं वाटतं ना? एका शूमध्ये ७० ते ८० डाव होतात. एवढ्या डावांत कुठेतरी सलग सात हार येण्याची शक्यता काढली तर साधारण चार-पाच शूंमागे एकदा येते. म्हणजे दोन दिवसांच्या ट्रिपमध्ये ती गाठ पडणं अजिबात दुर्मिळ नाही.

मग लोकांना आपली सिस्टीम चालते असं का वाटतं? कारण तासाभरात सरासरी नुकसान ३७० असलं तरी प्रत्यक्ष चढउतार चार हजारांच्या आसपास सहज होतो. म्हणजे एखादी संध्याकाळ तुम्ही तीन-चार हजार जिंकून उठता, त्याचं श्रेय सिस्टीमला देता आणि पुढच्या वेळी जास्त घेऊन जाता.

फोनवरचा खेळ आणि प्रेडिक्शनचे ग्रुप

इथे मी जरा कळकळीने लिहितोय कारण माझा मामेभाऊ यात पोळला आहे. टेलिग्रामवर एक ग्रुप, "पुढचा डाव बँकर, गॅरंटी", सलग तीनदा बरोबर आलं आणि त्याने सॅलरी अकाउंट लावलं. ही युक्ती समजून घ्या. हजार जणांना मेसेज पाठवायचा, पाचशेंना बँकर सांगायचं, पाचशेंना प्लेअर. ज्यांना बरोबर आलं त्यांचे परत दोन भाग. तीन डावांनंतर सव्वाशे माणसं अशी उरतात ज्यांना तिन्ही वेळा बरोबर सांगितलं गेलं, आणि त्यांना वाटतं समोरचा देवमाणूस आहे. मामेभाऊ त्या सव्वाशेतला होता. भावाने घरी सांगायला चार महिने घेतले, ते चार महिने आठवले तरी मला त्रास होतो.

पैसे लावून ऑनलाइन खेळवणं २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंद आहे. तरी लिंक येतात, बाहेरच्या देशातून चालवतात, आणि पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. घरात कोणाचं असं चाललं असेल तर ओरडण्याआधी १४४१६ ला फोन करा, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पुण्याहून गोव्याला जाणार असाल तर

महाराष्ट्रात कसिनो नाहीत. १९७६ चा एक कायदा होता, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. त्यामुळे स्वारगेटवरून रात्रीची बस आणि सकाळी पणजी, मांडवीतल्या बोटी. वय २१ लागतं.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे बाहेरच्या देशांतले १.०६ टक्क्यांचे हिशोब जसेच्या तसे धरणं. आपल्याकडे कसिनोत चिप्स घेताना भरायच्या पूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. दहा हजारांवर ४० टक्के म्हणजे चार हजार. तासाच्या ३७० च्या शेजारी हे चार हजार ठेवून बघा, बँकर की प्लेअर हा वाद त्यापुढे किती लहान आहे! जिंकलात तर त्यावर वेगळा ३० टक्के इन्कम टॅक्स, वर सेस, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. म्हणून चिप्स घेण्याआधी काउंटरवर दोन गोष्टी स्पष्ट विचारा, टॅक्स धरून हातात किती चिप्स येणार, आणि एन्ट्रीच्या पॅकेजमधल्या चिप्स कॅश होतात का फक्त खेळता येतात.

आम्ही चौघं गेलो तेव्हा ठरवलेली रक्कम कॅश घेतली आणि कार्डं खोलीत ठेवली. टेबलावर बसण्याआधी मिनिमम-मॅक्सिममची पाटी वाचली, एक पूर्ण शू नुसता उभं राहून बघितला आणि प्रत्येक डावाला तिसरं पान येणार की नाही हे मनात आधी सांगायचं असं केलं. वीसपैकी वीस बरोबर यायला लागले तेव्हा बसलो. मामेभाऊ आला नव्हता, तो आता रविवारी आमच्याकडे येतो, वाटाण्यांवरच खेळतो, आणि पानं वाटायला त्यालाच बसवतो कारण बँकरचा नियम त्याला सगळ्यांपेक्षा पक्का पाठ आहे.