गालापागोसची बोट ठरवताना: आधी प्राणी, मग महिना, बोट सगळ्यात शेवटी

गालापागोसला जायचं ठरलं की घरोघरी पहिला कार्यक्रम असतो बोटींचे फोटो बघण्याचा. केबिनला बाल्कनी आहे का, डेकवर जकूझी आहे का, बुफे कसा दिसतोय. माझं म्हणणं, हे सगळं मागाहून. कुठले प्राणी बघितल्याशिवाय परत यायचं नाही ते आधी ठरवा. त्यावरून बेटं आणि महिना ठरतो, बेटांवरून मार्ग ठरतो. त्या मार्गाने जाणाऱ्या चार-सहा बोटी उरल्या की मग खुशाल बाल्कन्या मोजा. माझी उभी नोकरी बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात गेली, त्यामुळे रंगीत ब्रोशरच्या आधी मागच्या पानावरचा बारीक टाइप वाचायची मला खोडच आहे. आम्ही दोघं, धाकटे दीर आणि जाऊ, अशा चौघांची सहल मी अशीच आखली.

ही बेटं इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला साधारण १,००० किलोमीटरवर, ऐन विषुववृत्तावर आहेत. पण अंदमानचं कोमट पाणी डोक्यात ठेवून जाऊ नका. दक्षिणेकडून हंबोल्टचा गार प्रवाह येतो. पश्चिमेकडून खोलातून येणारा क्रॉमवेल प्रवाह बेटांना धडकतो आणि तळाचं थंड, अन्नाने भरलेलं पाणी वर ढकलतो. विषुववृत्तावर पेंग्विन तग धरून आहेत ते त्याच्या जिवावर. शिवाय बेटं एकमेकांपासून तुटलेली, त्यामुळे एका बेटावर दिसलं ते दुसऱ्यावर दिसेलच असं अजिबात नाही. मार्ग आधी, बोट नंतर, ते यासाठी.

मी बेटांचे तीन गट करते. पश्चिमेला फर्नांदिना आणि इसाबेलाची मागची बाजू. न उडणारा पाणकावळा जगात फक्त या दोन बेटांच्या किनाऱ्यावर आहे, आणि पेंग्विनही बहुतेक इथलेच. फर्नांदिनाच्या पुंता एस्पिनोसाला काळ्या लाव्हावर समुद्री इग्वाना, म्हणजे मोठाले सरडे, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून ऊन खात पडलेले असतात. शेवाळ खायला ते समुद्रात बुडी मारतात आणि पोटात गेलेलं जादा मीठ नाकाजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकतात. म्हणजे दगडासारखं निपचित पडलेलं जनावर एकदम फुर्रकन शिंकतं. त्यांच्या डोक्यावर जो पांढरा थर दिसतो, तो याच मिठाचा. वारा आपल्या दिशेने असेल तर चष्मा पुसावा लागतो.

दक्षिण-पूर्वेला एस्पान्योला, फ्लोरेआना आणि सान क्रिस्तोबाल. यातली एस्पान्योला माझी सगळ्यात लाडकी. वेव्हड अल्बट्रॉस जवळपास सगळेच्या सगळे अंडी घालायला याच बेटावर येतात. दोघं समोरासमोर उभे राहून चोचींवर चोची आपटतात, माना वर करतात, डुलत चालतात, आणि आपण पाच-सहा पावलांवर उभे असतो. इथले इग्वाना लाल-हिरवे असतात. आणि इथला मॉकिंगबर्ड भलताच आगाऊ. गोड्या पाण्याची चणचण असल्याने बाटली खाली ठेवली रे ठेवली की हा झाकणावर येऊन चोच मारायला लागतो. पाणी द्यायचं नाही, नियम आहे. जाऊबाईंना ते फार जड गेलं.

उत्तरेला हेनोवेसा. लांब आहे, रात्रभर बोट चालते आणि समुद्र बरा नसेल तर चांगलीच हलते. पण लाल पायांचे बूबी पक्षी, फ्रिगेट पक्षी आणि भरदिवसा शिकार करणारं घुबड बघायचं असेल तर हेच बेट. पक्ष्यांचं वेड नसेल, तर मी म्हणेन हेनोवेसा सोडा आणि तो वेळ पश्चिमेला द्या.

राक्षसी कासवांची काळजी करू नका. ती सांता क्रूझच्या डोंगराळ भागात दिसतात आणि बहुतेक बोटी तिथे एक दिवस थांबतातच. पुएर्तो आयोरातल्या चार्ल्स डार्विन संशोधन केंद्रालाही तेव्हाच जाता येतं. उत्तरेकडची डार्विन आणि वुल्फ ही बेटं मात्र यादीतून काढून टाका. तिथे फक्त स्कूबावाल्यांच्या खास बोटी जातात.

आता महिना. ढोबळमानाने जानेवारी ते मे गरम हंगाम. समुद्र शांत, पाणी पोहण्याजोगं, मधूनच जोराची सर. जून ते नोव्हेंबर गार आणि ढगाळ, समुद्र खवळलेला, आणि पश्चिमेला पाणी १८ अंशांच्याही खाली जातं. पण खाणं मुबलक असल्याने समुद्री प्राण्यांची चंगळ याच दिवसांत असते. अल्बट्रॉस एप्रिलच्या सुमाराला येतात आणि डिसेंबरात जातात. फेब्रुवारीत एस्पान्योलाला गेलात तर एकही दिसणार नाही, मग बोट कितीही महाग असो. आपल्या सुट्ट्यांच्या हिशेबाने मे महिना उत्तम. अल्बट्रॉस आलेले, पाणी अजून फार गार नाही, पाऊस ओसरत आलेला. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर सी लायनची नुकती जन्मलेली पिल्लं दिसतील, पण जाड वेटसूट लागेल आणि पोटाची तयारी ठेवावी लागेल.

महिना ठरला की आयटिनररी मागवा. राष्ट्रीय उद्यानाच्या नियमाप्रमाणे, २०१२ पासून, एकाच बोटीला एकाच ठिकाणी पंधरवड्याच्या आत दुसऱ्यांदा जाता येत नाही. म्हणून प्रत्येक बोटीचा पंधरा दिवसांचा फेरा असतो आणि कंपन्या त्याचे तुकडे करून ‘अ’ आणि ‘ब’ किंवा ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ म्हणून विकतात. तीच बोट, तोच दर, पण एका आठवड्यात फर्नांदिना आणि दुसऱ्यात एस्पान्योला. तारीख दोन दिवस मागेपुढे केली तरी बेटं बदलतात. एका एजंटने मला ‘गालापागोसचे सर्वोत्तम’ असं नाव दिलेलं सुंदर पत्रक पाठवलं. त्यात रोजच्या रोज कुठे उतरणार ते कुठेच नव्हतं, आणि दोनदा विचारूनही उत्तर गोलमोलच आलं. असा एजंट सोडून द्या. सकाळी कुठे, दुपारी कुठे, हे जागेच्या नावानिशी लिहून मिळालं पाहिजे.

दिवस मोजताना नीट मोजा. ‘८ दिवस’ म्हणजे पहिला दिवस विमानतळावरून बोटीवर जाण्यात अर्धा संपलेला आणि शेवटचा सकाळी नाश्त्यानंतर आटोपलेला. हातात पूर्ण दिवस सहा. ‘५ दिवसां’त तीनच. आणखी एक बारीक गोष्ट: काही आठ दिवसांच्या सहली म्हणजे दोन छोट्या सहली जोडलेल्या असतात. मध्यावर बोट विमानतळ असलेल्या बाल्त्रा बेटाला परत येते, निम्मी मंडळी उतरतात, नवी चढतात, आणि तुमचा अर्धा दिवस त्यात जातो. ‘मधे प्रवासी बदलतात का?’ हा प्रश्न लेखी विचारा. आठ दिवसांत तिन्ही गट होणार नाहीत, दोन नीट होतात.

आता बोटींकडे या. सगळ्यात मोठ्या बोटीला १०० प्रवाशांची मर्यादा आहे, आणि बऱ्याचशा बोटी सोळा जणांच्या. किनाऱ्यावर एका गाइडमागे सोळापेक्षा जास्त माणसं नेता येत नाहीत, म्हणून सोळाची बोट म्हणजे एक गाइड, एक तुकडी, वाट बघणं नाही. मी तीच घेईन. मोठ्या बोटीचा फायदा एकच, ती कमी हलते आणि तिच्यावर बहुधा डॉक्टर असतो. पंच्याहत्तरीच्या आईवडिलांना नेत असाल तर तोही विचार करा. मधल्या दर्जाच्या बोटीला माणशी दिवसाला ४०० ते ६०० डॉलर धरून चाला, विमानभाडं वेगळं.

बोट लागण्याचं म्हणाल, तर आमच्या ह्यांना मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा गरगरतं, त्यामुळे या विषयात माझा हात धरणारं कोणी नाही. दोन सांगाड्यांची कॅटामरान घ्या, केबिन खालच्या मजल्यावर आणि मधोमध घ्या. नाकाडाकडची केबिन फुकट दिली तरी नको. बेटांवर सूर्यास्तानंतर थांबायला बंदी आहे, म्हणून बोटी रात्री चालतात. गोळी रात्रीच्या जेवणाआधी, मळमळ सुरू होण्याच्या आधी घ्यायची. अॅव्होमिन किंवा डॉक्टर देतील ती. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बहुतेकदा बाहेरच येते.

पोहता येत नाही म्हणून जाणं रद्द करू नका, पण स्नॉर्कलिंग शिकून जा. इथे निम्मं वन्यजीवन पाण्याखाली आहे: हिरवी कासवं, पांढऱ्या टोकाचे शार्क, आणि तोंडासमोर येऊन गिरकी घेणारे सी लायन. तारकर्लीला नाहीतर मालवणला पावसाळा सोडून केव्हाही दोन दिवस जा, लाइफ जॅकेट घालून नळीतून श्वास घ्यायची सवय करा. जाऊबाईंनी तेच केलं. जाड चष्मा असेल तर नंबरचा मास्क इथूनच करून न्या.

किनाऱ्यावर पांगा नावाच्या रबरी होडीतून उतरवतात. ‘ड्राय लँडिंग’ म्हणजे दगडावर पाय, ‘वेट लँडिंग’ म्हणजे गुडघाभर पाण्यात उडी. त्यामुळे एक जोडी सँडल पट्ट्यांचे आणि एक जोडी बूट खरखरीत लाव्हासाठी. बार्तोलोमेला लाकडी पायऱ्या साडेतीनशेच्या वर आहेत, वरून दिसणारं दृश्य त्या पायऱ्यांना पुरून उरतं. प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, ड्रोन चालत नाही. अडचण एवढीच की दोन मीटरचा नियम सी लायनना माहीत नाही. ते वाटेतच आडवे झोपतात आणि माणसांनाच वळसा घालावा लागतो.

खाण्याच्या पिशवीकडे मुख्य भूमीवरच्या विमानतळावर फार बारीक लक्ष असतं. बाहेरचं बी, कीटक, फळ बेटांवर जाऊ नये म्हणून चेक-इनच्या आधीच सामानाची तपासणी होते. ताजी फळं नाहीत, बिया नाहीत. मोहरी, जिरे, मेथीदाणे हे आपल्याला मसाले, पण तिथे बीच. फोडणीचा डबा घरी ठेवा. कारखान्यात सीलबंद झालेला चिवडा, दळलेल्या चटणीची बंद पाकिटं, एवढंच न्या आणि विचारलं तर दाखवा. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहून कळवा, ‘मासेही नाही, चिकनही नाही’ असं स्पष्ट. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर ताटात ट्यूना येऊ शकतो.

विमान क्विटो किंवा ग्वायाकिलहून बाल्त्रा किंवा सान क्रिस्तोबालला जातं, दुसऱ्या देशातून थेट नाही. बोट सुटायच्या आदल्या रात्री मुख्य भूमीवर मुक्काम हवाच, दोन रात्री असतील तर उत्तम. तुमच्यासाठी बोट थांबत नाही. क्विटो २,८५० मीटरवर आहे, दम लागतो. ज्यांना उंची सोसत नाही त्यांनी समुद्रसपाटीवरचं ग्वायाकिल गाठावं. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, म्हणून आम्ही अॅमस्टरडॅममार्गे गेलो. इक्वेडोरच्या व्हिसाचे नियम त्यांच्या दिल्लीच्या वकिलातीकडून ताजे करून घ्या, कुणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका.

इक्वेडोरचं चलन अमेरिकी डॉलरच आहे. विमानतळावर २० डॉलरचं ट्रान्झिट कार्ड, आणि बेटावर उतरल्यावर उद्यानाची फी. ती ऑगस्ट २०२४ पासून दुप्पट होऊन परदेशी प्रौढांना २०० डॉलर झाली आहे, बारा वर्षांखालच्यांना १००. रोख ठेवा. १०० च्या नोटा दुकानदार घेत नाहीत, पाच-दहा-वीसच्या न्या. टिप गाइडची वेगळी आणि खलाशांची वेगळी, शेवटच्या रात्री पाकिटात. वैद्यकीय कारणाने बाहेर हलवण्याचा खर्च भरणारा विमा घ्या.

आणि पिवळ्या तापाची लस. इक्वेडोर भारताच्या यादीत आहे, त्यामुळे तिथून येताना लसीचं पिवळं कार्ड नसेल तर आपल्याकडे उतरल्यावर सहा दिवस अलग ठेवू शकतात. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि तारखेसाठी थांबावं लागतं. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, कारण या वयात ती सगळ्यांना देत नाहीत. मिळालेलं कार्ड चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. मुंबईला ते इमिग्रेशनच्या आधी मागतात आणि तेव्हा बॅग पट्ट्यावर फिरत असते.