जूनआधी लावून घ्या: गावच्या घरातलं बीपी मशीन आणि क्लाउड

जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस बसला की करंट आणि रेंज दोन्हींचा भरवसा नाही. आईवडिलांचं बीपी आणि साखर पुण्यातल्या मुलाला आणि बेळगावच्या डॉक्टरांना दिसावी अशी सोय करायची असेल, तर ती मे महिन्यातच लावून, तपासून मोकळं व्हावं.

रेंज अंगणात उभं राहून बघू नका. मशीन जिथं राहणार त्या खोलीत, दार लावून नेट चालवून बघा. चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल बराच खातात. वायफायची बहुतेक घरगुती उपकरणं फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतात. राउटरनं 2.4 आणि 5 दोन्हींना एकच नाव दिलं असेल तर जोडणी पहिल्याच पायरीवर अडू शकते, तेव्हा जोडताना 5 बंद ठेवा. राउटरसाठी मिनी यूपीएस घ्यायचा, पण अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून. हेस्कॉमचा करंट गेल्यावर केबलवाल्याच्या टोकाला बॅकअप असतो का, हेही विचारा. नसेल तर तुमचा राउटर नुसताच दिवे लावून बसेल. त्यासाठी दुसऱ्या कंपनीचं सिम हाताशी असावं.

मशीन ब्लूटूथचं असेल तर ते स्वतः क्लाउडला, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्याला, काही पाठवत नाही, फोन पाठवतो. तो फोन बाबांच्या खिशातून शेतात गेला की रीडिंग मशीनमध्येच अडकतं. जुना का होईना, घरात राहणारा फोन ठेवा, आणि त्यात ॲपला बॅटरी सेव्हरमधून वगळा, नाहीतर अँड्रॉइड त्याला झोपवतं.

दंडाचा घेर टेपनं मोजा. मशीनसोबतचा मधला पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटरला बसतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, आणि क्लाउड तो आकडा इमानदारीनं पुण्याला पोचवतो. आधी 5 मिनिटं पाठ टेकून बसायचं, दंड छातीच्या उंचीला ठेवायचा. अर्धा तास आधी चहा नाही आणि तंबाखूही नाही. निपाणी भागात हे शेवटचं दोनदा सांगावं लागतं. साखरेच्या पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, पावसाळी दमटपणानं पट्ट्या खराब होतात.

सेल बदलल्यावर मशीनचं घड्याळ बघाच. तारीख मागं गेली तर आजचं रीडिंग आलेखात कुठंतरी जुन्या वर्षात जाऊन बसतं आणि आज मोजलंच नाही असं वाटतं. सकाळी 7 चं माप मध्यरात्रीनंतर 1:30 ला दिसत असेल तर खात्यातला टाइम झोन भारताचा नाही.

नावाचा घोळ आपल्या भागात हमखास. सरकारी कागदावर कानडी, दवाखान्यात इंग्रजी, घरी मराठी. स्पेलिंग तीन, माणूस एक. डॉक्टरांकडं नावाबरोबर 14 अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) द्या. मशीन दोघांत एक असेल तर वापरणारा 1 आणि 2 वेगळे लावा. खातं दुकानातल्या पोराच्या ईमेलवर नको, घरच्याच माणसाच्या नावावर हवं. डॉक्टरांना पाहण्यापुरती परवानगी द्या, पासवर्ड नको.

ही सगळी सोय फसते ती बहुधा शांततेत. बीपी वाढलं की सूचना येते, पण रीडिंगच आलं नाही तर बरीच ॲप काही बोलत नाहीत, आणि मुलगा समजतो सगळं ठीक आहे. ॲपमध्ये ‘माप आलं नाही’ची सूचना असेल तर चालू करा, नसेल तर सकाळी 9 पर्यंत आकडा दिसला नाही की शेजारच्या काकूंना फोन, हे आधीच ठरवून ठेवा. मग एकदा मुद्दाम दोन तास नेट बंद करा, तीन मापं घ्या, नेट चालू करा. तिन्ही योग्य वेळेसह वर गेली का ते पुण्यातून बघायला लावा. छातीत दुखलं किंवा तोंड वाकडं झालं तर मात्र मशीनला हात न लावता थेट 108.