रात्री चेहरा ओळखू येत नाही? सीसीटीव्ही कॅमेरा घेताना या चुका टाळा

दुकानातल्या लख्ख उजेडात सगळेच कॅमेरे छान दिसतात. विक्रेत्याकडे त्याच मॉडेलचं अंधारातलं रेकॉर्डिंग मागा, आणि तेही माणूस चालत असलेलं. रिकामं अंगण कुठलाही कॅमेरा बरं दाखवतो; पण कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि चालणाऱ्याचा चेहरा फराटा होऊन जातो.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे मेगापिक्सेलवर भाळणं. सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) तेवढाच ठेवून 2 चे 5 मेगापिक्सेल केले, की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. आधी सेन्सर आणि लेन्स विचारा. 1/1.8 इंची सेन्सर 1/2.8 इंचीपेक्षा मोठा असतो (अपूर्णांकात इथे हमखास गल्लत होते). लेन्सचा एफ आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त: एफ 1.0 ची लेन्स एफ 2.0 च्या चौपट प्रकाश आत घेते.

खोक्यावरचं ‘आयआर 30 मीटर’ म्हणजे कॅमेऱ्याचा आयआर (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा) उजेड तिथवर पोचतो, एवढंच. 2.8 मिमीची लेन्स अख्खं अंगण टिपते, पण लांबच्या फाटकाशी उभा माणूस त्यात बोटभर दिसतो. मिमीचा आकडा वाढला की दृश्य अरुंद होतं, पण लांबचं मोठं दिसतं; म्हणून फाटकासाठी 4 किंवा 6 मिमी घ्या.

‘रात्रीही रंगीत’ या जाहिरातीला रस्त्यावरचा दिवा किंवा कॅमेऱ्याचा स्वतःचा पांढरा दिवा लागतोच. तो शेजाऱ्यांच्या खिडकीत जाणार नाही ना, हे आधी बघा.

बसवल्यावर चित्र पांढुरकं येत असेल तर बहुतेक वेळा कॅमेरा निर्दोष असतो. खिडकीच्या काचेमागे ठेवला, तर त्याचाच आयआर उजेड काचेवरून परततो. आयआर बंद करा आणि बाहेर दिवा लावा. वळचणीला अगदी भिंतीलगत लावला, तर भिंत चमकते, कॅमेऱ्याला वाटतं उजेड पुरेसा आहे, आणि अंगण काळं पडतं. थोडा पुढे घ्या. पावसाळ्यात किडे येतात, त्यांच्यामागे कोळी. जाळं हललं की रात्रभर मोबाइलवर सूचना. मऊ ब्रश फिरवत राहा.

दिवसा नीट चालणारा कॅमेरा रात्री सारखा बंद-चालू होतो? आयआर दिवे लागले की करंट जास्त खेचला जातो. अडॅप्टर कमकुवत किंवा वायर लांब-बारीक असेल तर कॅमेऱ्यापाशी 12 व्होल्ट पोचतच नाहीत. भरदिवसा कॅमेऱ्यावर जाड कापड टाका. दिवे लागताच बंद पडला, तर दोष पुरवठ्याचा. मल्टिमीटर अडॅप्टरपाशी नव्हे, कॅमेऱ्याच्या टोकाला लावा.

उलट, सकाळी झाडं गुलाबी-जांभळी दिसू लागली, तर आतला आयआर फिल्टर (दिवसा आयआर उजेड अडवणारी, रात्री बाजूला सरकणारी काच) अडकलाय. उजेड बदलताना येणारा बारीक ‘टक्’ आवाज ऐकू येतो का बघा, आणि एकदा वीज बंद करून चालू करा. तरीही रंग सुधारले नाहीत तर वॉरंटीत कॅमेरा बदलून घ्या.