जुन्या साड्यांच्या गोधड्या: सोसायटीत मिळून वर्कशॉप कसं घ्यायचं

ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी गोधड्या शिवायच्या असतील तर गणपती झाले की लगेच तयारीला लागा, कारण बीडसारख्या जिल्ह्यांतून ही माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि अख्खी थंडी साखर कारखान्याजवळच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत काढतात. जवळ मजुरांची टोळी उतरली की मुकादमाशी, म्हणजे टोळी घेऊन येणाऱ्याशी, आणि तिथल्या बायांशी आधी बोला, लहान पोरं किती, गोधडीच हवीय की दुसरं काही, हे त्यांनाच विचारा.

मग साड्या. ग्रुपवर मेसेज टाकताना "फक्त सुती, धुतलेल्या" असं स्पष्ट लिहा, तरी सिंथेटिक येतातच. शंका आली तर एक धागा काढून जाळून बघा, सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि राख होते, सिंथेटिक वितळून त्याचा कडक मणी होतो. फॉल उसवा आणि जरीचे काठ काढून टाका, अंगाला टोचतात.

साडी साधारण साडेपाच मीटर असते, तिची लांबीत तीन पदरी घडी घातली की सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असा तुकडा होतो, म्हणजे दोन साड्यांत सहा थरांची लहान पोराची गोधडी, फारशी कापाकापी न करता. विरलेली साडी आत, धड असलेली बाहेरून. हॉलमध्ये सतरंजीवर पसरा, मधून कडेला हात फिरवत सुरकुत्या काढा, कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवा आणि मोठे मोठे टाके घालून सगळे थर टाचून घ्या. ही पायरी घाईत उरकू नका, इथे चुणी राहिली की ती शेवटपर्यंत राहते.

आता खरं महत्त्वाचं. आम्ही पहिल्या वर्षी प्रत्येकीला एकेक गोधडी घरी दिली होती, निम्म्या अर्धवट परत आल्या आणि कुणाची कुणाशी ओळखही झाली नाही. आता एका गोधडीला चौघं बसवतो, चार बाजूंना चार, त्यात एक तरी आजी आणि एक तरी कधीच सुई न धरलेलं माणूस, कॉलेजचा मुलगा असला तरी चालेल. कडेपासून धावदोरा घालत आत यायचं, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. टाका वाकडा आला तर उसवायला लावू नका, गोधडी तेवढीच टिकते आणि शिकणारा पुढच्या रविवारी परत येतो. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी गोधडी टेबलावर घ्या. हाताने एका दिवसात होत नाही, चार-पाच रविवार धरा, मशीनवर पटकन होईल असं कुणीतरी म्हणेलच, पण मग आजी सुनेच्या बाळंतपणाच्या दुपट्याची गोष्ट सांगणार कधी आणि शेजारच्या फ्लॅटमधली ती ऐकणार कधी?

सामान थोडंच लागतं: मोठ्या नेढ्याच्या सुया, जाड सुती दोरा, कात्र्या, बोटाला सुई टोचू नये म्हणून घालायची अंगुस्तानं. सुया मात्र मोजून द्या आणि उठायच्या आधी मोजून घ्या, एक जरी कमी भरली तरी शोधल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, त्या गोधडीत तान्हं बाळ झोपणार आहे.

शेवटी सगळ्या धुऊन कडक उन्हात वाळवा. द्यायला दोघं-तिघंच जा, तेही संध्याकाळी तोडीवरून माणसं परत आल्यावर, आणि पोरांना रांगेत उभं करून फोटो काढू नका.